सोन्याची विजार आणि सतरा वर्षांचा मुलगा

नाताळच्या सुटीत बेळगावातील आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांचे चिरंजीव व पुतणे दोघेही अमेरिकेत स्थायिक झालेले. त्या वेळी दोघेही सहकुटुंब आले होते. ओसरीवर चहा चालला होता आणि दोघा भावांचे बोलणे रंगात आले होते.

"उंची सहा फूट चार इंच."

"आणि वजन?"

"दोनशे वीस पौंड. हाडपेर चांगले आहे."

"घरची माणसे काय म्हणतात?"

"आईचा कल आमच्याकडे आहे, वडील मात्र तुमच्या बाजूचे दिसतात. पुढच्या महिन्यात पाहायला येणार आहेत."

इतके कानी पडताच वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अरे, स्थळ कुणासाठी पाहता आहात? मला काही सांगाल की नाही? आणि मुलगा शिकतो काय?"

ओसरीवर एकच हशा पिकला. "आई, स्थळ नव्हे ग! फुटबॉलचा खेळाडू आहे तो," चिरंजीव म्हणाले. वहिनींचा दुसरा प्रश्न त्या हशात विरून गेला. आमच्या मनात मात्र तो राहिला, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्तही तोच प्रश्न आहे.

चिरंजीव ओहायो राज्यातील कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठाचे पदवीधर; पुतणे शेजारच्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचे. ज्याच्याविषयी बोलणे चालले होते तो मुलगा अद्याप शाळेत होता. दोघांनीही त्यास प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. तरीही तो कोणत्या विद्यापीठाकडून खेळणार, याचा घोर या दोन संसारी गृहस्थांना लागून राहिला होता. आम्हांस प्रथम हसू आले. मग कुतूहल वाटले. आणि अधिक माहिती करून घेतल्यावर थोडे अंतर्मुखही व्हावे लागले.

वाचकांनी येथे आपला फुटबॉल डोळ्यांसमोर आणू नये. अमेरिकन फुटबॉलमध्येही एका वेळी अकराच खेळाडू मैदानात असतात. परंतु चेंडू लंबगोल असतो आणि तो मुख्यतः हातात धरून पळावयाचा वा फेकावयाचा असतो. चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, शिवाय चेंडूला लाथ मारणारे आणखी वेगळे. त्यामुळे एकेका संघाच्या यादीत शंभराच्या आसपास मुले असतात. या खेळाचा पहिला महाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रट्गर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाला, आणि रट्गर्सने तो ६ विरुद्ध ४ असा जिंकला. तेथील व्यावसायिक फुटबॉल पुष्कळ नंतरचा. म्हणूनच अनेक गावांत माणसाची निष्ठा धंदेवाईक संघापेक्षा विद्यापीठाच्या संघावर अधिक जडलेली असते. ॲन आर्बरच्या क्रीडांगणात १,०७,६०१ प्रेक्षकांची सोय आहे; १९२२ साली उघडलेले कोलंबसचे क्रीडांगणही एक लाखाहून अधिक माणसे सामावून घेते. आणि एवढा समुदाय जमतो तो विद्यार्थ्यांचा खेळ पाहावयास!

या दोन विद्यापीठांचे वैर तर प्रसिद्धच आहे. पहिला सामना १८९७ साली झाला. १९१८ पासून तो दरवर्षी होत आला. २०२० साली साथीच्या रोगामुळे तेवढा खंड पडला. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील पाट्यांवरील 'एम' हे अक्षर जेथे जेथे दिसेल तेथे त्यावर तांबडी फुली मारली जाते, कारण मिशिगनचे आद्याक्षर ते! कोल्हापुरास शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना ज्यांनी पाहिला असेल, त्यांस या वेडाची थोडीफार कल्पना येईल.

या वैराच्या तळाशी काय आहे असे विचारता पुतण्यांनी जे सांगितले, ते ऐकून आम्ही सावरून बसलो. या दोन राज्यांत एके काळी सीमातंटा होता! टोलेडो गावाभोवतालची सुमारे ४६८ चौरस मैलांची पट्टी ओहायोची की मिशिगनची, यावरून १८३५ साली दोन्हीकडची सशस्त्र पथके समोरासमोर आली. सुदैवाने जखमी झाला तो मिशिगनचा एकच अधिकारी, आणि तोही एका चाकूने. अखेर टोलेडो ओहायोस मिळाले. मोबदला म्हणून मिशिगनला उत्तरेकडील द्वीपकल्पाचा मोठा भाग देण्यात आला, आणि १८३७ च्या जानेवारीत मिशिगन पूर्ण राज्य झाले. ओसाड म्हणून हिणवलेल्या त्या प्रदेशात पुढे तांबे आणि लोखंड विपुल सापडले. तंटा मिटला, त्यानंतर साठ वर्षांनी चेंडूचा खेळ सुरू झाला; दोहोंचा संबंध जोडतात ते रसिक. सीमेची रेघ म्हणजे काय, हे आम्हां बेळगावकरांस कोणी शिकवावयास नको. तेथे निदान ती रेघ आता क्रीडांगणावर येऊन थांबली आहे, याचा आम्हांस हेवाच वाटला.

गंमत अशी की, ही रेघ पाठीराख्यांच्या मनात जितकी खोल आहे, तितकी मुलांच्या पायांना कधीच आडवी आली नाही. मिशिगनचे थोर प्रशिक्षक बो शेम्बेक्लर यांचा जन्म ओहायोतील बार्बर्टनचा. ओहायो स्टेटचे वुडी हेज हे त्यांचे गुरू. १९६९ ते १९७८ अशी दहा वर्षे हे गुरुशिष्य परस्परांविरुद्ध लढले. सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूस मिळणारे हाइझमन पारितोषिक मिशिगनच्या डेस्मंड हॉवर्ड यांनी १९९१ साली आणि चार्ल्स वुडसन यांनी १९९७ साली पटकावले. हे दोघेही ओहायोचेच सुपुत्र. एक क्लीव्हलंडचा, दुसरा फ्रेमाँटचा. आपला मुलगा शेजाऱ्याने नेला, हे शल्य कोलंबसच्या जुन्या रसिकांच्या बोलण्यात आजही डोकावते.

मुले नेण्याच्या या खटाटोपास तिकडे भरती म्हणतात, आणि ती सैन्यभरतीहून कमी कसोशीची नसते. शाळेत खेळणाऱ्या मुलांना पारखी मंडळी एक ते पाच तारे बहाल करतात. पाच ताऱ्यांचा मुलगा म्हटला की देशभरातील प्रशिक्षक त्याच्या दाराशी येतात. कित्येकदा आठवी-नववीतल्या पोरांनाही शिष्यवृत्तीचा तोंडी शब्द दिला जातो. मुलगा आईवडिलांसह विद्यापीठ पाहावयास येतो, वसतिगृह पाहतो, भोजन होते, छायाचित्रे निघतात. सारा थाट आपल्याकडील पाहण्याच्या कार्यक्रमाचा. वहिनींचा गैरसमज झाला यात नवल ते काय! मग सही होईपर्यंत पाठीराख्यांचा जीव टांगणीला. कोणाचे शिक्षण संपणार, कोणाचा गुडघा दुखावला, कोणाच्या जागी कोण उभा राहणार, याचे कोष्टक त्यांच्या जिभेवर असते.

हे अंदाज पुष्कळदा फसतात. १९९५ साली कॅलिफोर्नियाहून मिशिगनला टॉम ब्रेडी नावाचा मुलगा आला. चढाईची सूत्रे हलविणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागेसाठी त्याचा क्रमांक होता सातवा. १९९८ मध्ये त्यास मुख्य जागा लाभली. पुढे २००० साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा तो १९९ वा निवडला गेला. त्यानेच नंतर सात वेळा सुपर बोल जिंकला. शिक्षकी पेशात केस पिकविलेल्या आमच्यासारख्यास ही कथा अपरिचित नाही. मागच्या बाकावरील पोर पुढे काय करील, हे कोणी सांगावे?

आता शीर्षकातील विजारीकडे वळू. १९३४ साली फ्रान्सिस श्मिट हे ओहायो स्टेटचे प्रशिक्षक झाले. मिशिगनचा तेव्हा मोठा दरारा होता. तीही माणसेच, आपल्यासारखीच एकेक पाय घालून विजार चढवतात, अशा आशयाचे काही श्मिट बोलले. आणि त्या वर्षी ओहायोने ३४ विरुद्ध ० असा विजय मिळविला. तेव्हापासून मिशिगनला हरविले की प्रत्येक खेळाडूस नखाएवढी सोन्याची विजार बहाल करण्याची प्रथा पडली. खेळाडू ती देवघरात ठेवावी तशी जपून ठेवतात.

तथापि सर्वांनाच ती जपता येत नाही. २०१० च्या डिसेंबरात असे उघडकीस आले की, ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी आपल्या सोन्याच्या विजारी, विजयाच्या अंगठ्या वगैरे वस्तू विकल्या होत्या वा त्यांच्या बदल्यात अंगावर गोंदवून घेतले होते. त्या वेळच्या नियमानुसार विद्यार्थी-खेळाडूस शिष्यवृत्तीपलीकडे खेळाच्या नावावर कवडीही मिळविण्याची मुभा नव्हती. या मुलांवर पाच सामन्यांची बंदी आली. पण ती पुढील हंगामासाठी! तोंडावर आलेल्या जानेवारीतील मोठ्या सामन्यात त्यांस खेळू देण्यात आले. प्रकार ठाऊक असूनही तो दडविल्याबद्दल प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांस २०११ च्या मे महिन्यात पद सोडावे लागले, आणि २०१० चे सारे विजय दप्तरातून पुसले गेले.

विचार करावयाजोगी गोष्ट ही की, लाख माणसे तिकीट काढून ज्यांना पाहावयास येत होती, त्यांनी स्वतःला मिळालेली भेटवस्तू विकणे हा अपराध ठरला. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरील सर्वांत मोठा पगार मात्र महाविद्यालयीन प्रशिक्षकाचा असतो.

हे चित्र आता पालटले आहे. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने एक महत्त्वाचा निर्णय दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीनुसार एकेका विद्यापीठास पहिल्या वर्षी २ कोटी ५ लक्ष डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंस थेट वाटता येऊ लागली. संघाच्या यादीस १०५ ची मर्यादा आली. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्यास वर्षभर घरी बसावे लागे. २०२१ पासून पहिल्या बदलीस आणि २०२४ पासून पुढील बदल्यांसही ती अट उरली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात मिशिगनमधीलच एका सतरा वर्षांच्या मुलाने लुईझियानातील विद्यापीठास दिलेला शब्द फिरवून घरच्या विद्यापीठाची निवड केली, तेव्हा एक कोटी डॉलरच्या आसपासचे आकडे वृत्तपत्रांत झळकले.

यावर दोघा भावांचे, एरवी कधी न होणारे, एकमत झाले. "निष्ठा उरली नाही," असे दोघेही म्हणाले. पोरे आज येथे, उद्या तेथे. मग जीव लावावा कोणावर?

आम्ही त्यांस म्हणालो, "अहो, प्रशिक्षक जास्त पगारावर दुसरीकडे जातात, तेव्हा तुम्ही त्यास व्यवहार म्हणता. मुलगा गेला तर ती कृतघ्नता कशी?" दोघेही क्षणभर गप्प झाले. त्या मुलांपैकी व्यावसायिक संघापर्यंत शंभरातले दोघेही पोहोचत नाहीत. उमेदीची चार वर्षे, आणि अंगात मुरलेली दुखणी जन्माची. त्यास चार पैसे मिळाले तर आम्हांस खेद वाटत नाही. खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा.

अतिरेकी प्रेम माणसास प्रथम आंधळे करते आणि मग कठोर. वुडी हेज यांच्यासारखा गुरूही २९ डिसेंबर १९७८ रोजी भर सामन्यात प्रतिपक्षाच्या एका विद्यार्थ्यास ठोसा मारून बसला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची सेवा संपली. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी कोलंबस येथे मिशिगनने १३ विरुद्ध १० असा सामना जिंकून मैदानाच्या मध्यभागी आपला ध्वज रोवू पाहिला, तेव्हा अशी हाणामारी झाली की पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. दोन्ही विद्यापीठांस एकेक लाख डॉलर दंड झाला. ज्यांच्या हातून चेंडू निसटला, त्या पोरांस रात्री घरी जाऊन काय काय ऐकावे लागत असेल, त्याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

तरी या वेडास आम्ही सर्वस्वी नावे ठेवणार नाही. हजारो मैल दूर गेलेल्या आपल्या दोन मुलांना त्या परक्या भूमीत एक रंग, एक गाव, एक चुलतभावाशी हक्काचे भांडण लाभले, हे काय थोडे झाले? परक्या मुलखात मूळ धरावयाचे तर मातीस असे काही चिकटून राहावे लागते. पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपणां मंडळींस हे निराळे सांगावयास नको.

निघताना वहिनी आम्हांस पोहोचवावयास दारापर्यंत आल्या. मुलांकडे वळून त्या पुन्हा म्हणाल्या, "बरे, स्थळ नाही तर नाही. पण तो मुलगा शिकतो काय, ते सांगितलेच नाहीत."

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. मुलाची उंची त्यांस ठाऊक होती, वजन ठाऊक होते, तो चाळीस यार्ड किती सेकंदांत धावतो तेही ठाऊक होते. तो कोणता विषय घेणार, त्यास काय आवडते, हे दोघांपैकी एकासही सांगता आले नाही.

आम्ही मनात हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू टिकले नाही. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक फलक आहे. दहावीत पहिल्या आलेल्या मुलांची नावे आणि टक्केवारी त्यावर आम्हीच दरवर्षी रंगवून घेतो. त्यांतील किती मुलांची टक्केवारी आम्हांस पाठ आहे, आणि किती मुलांना काय आवडत होते ते आठवते, याचा हिशेब करीत आम्ही त्या रात्री बराच वेळ जागे होतो.