बंबापासून ज्वालेपर्यंत: आगीवर पाणी मारण्याचे शास्त्र

ग्वाल्हेरच्या इंदरगंज भागात १८ मे २०२० रोजी एका इमारतीला आग लागली. तळमजल्यावर रंगांचे दुकान होते आणि वरच्या मजल्यांवर कुटुंबाची वस्ती होती. या दुर्घटनेत सात जणांचा मृत्यू झाला. मृतांत लहान मुलेही होती. खाली दुकान, वर घर आणि मध्ये एक जिना ही रचना ग्वाल्हेरच्या जुन्या बाजारपेठांत जागोजाग दिसते. म्हापसा, मडगाव किंवा फोंडा येथील वाचकालाही ती अनोळखी नाही.

इंदरगंज ज्या लष्कर भागात येते, त्याच्या नावातच त्याचा इतिहास आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये किल्ल्याजवळ तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. शिंद्यांबरोबर आलेली मराठी कुटुंबे महाराज वाड्याच्या परिसरात स्थिरावली. घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांच्या काळात आखलेल्या अशा गल्ल्यांतून आज हजारो लिटर पाणी घेऊन बंबाला वाट काढावी लागते. बंब गल्लीच्या तोंडाशी अडला, तर तेथून आगीपर्यंतचे अंतर नळी आणि ती ओढणारे जवान यांनाच कापावे लागते. आग किती लवकर आटोक्यात येईल, हे बऱ्याच अंशी या टप्प्यावर ठरते. म्हणूनच हा टप्पा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पाणी आग कसे विझवते?

पाणी आगीला भिजवून विझवते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पाण्याचे मुख्य काम उष्णता शोषून घेण्याचे आहे. वीस अंश तापमानाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्यासाठी जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहा पटींहून अधिक उष्णता त्या पाण्याची वाफ होताना शोषली जाते. ज्या पाण्याची वाफ झाली, ते आपले काम पुरेपूर करून गेले. जे पाणी भिंतीवरून ओघळून गटारात गेले, त्यातील बहुतेक वाया गेले. जिन्यावरून काळ्या पाण्याचे लोट वाहत असतील, तर पाणी भरपूर मारले जात आहे एवढेच सिद्ध होते; ते योग्य ठिकाणी लागत आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

याचे सर्वांत दारुण उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ या जहाजावर आग लागली. कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकाच जहाजावर होती. जहाजात नऊशे टनांहून अधिक पाणी सोडण्यात आले. मात्र दाट धुरामुळे आगीचे नेमके मूळ सापडले नाही. पाणी उकळू लागले, पण आग विझली नाही. दुपारी चारच्या सुमारास झालेल्या स्फोटांत शेकडो लोक दगावले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पाण्याच्या प्रमाणापेक्षा पाण्याचे स्थान महत्त्वाचे, हा धडा त्या दिवसाने शिकवला.

नळीचे गणित

आपल्याकडील अग्निशमन दलांत ६३ मिलिमीटर व्यासाची डिलिव्हरी होज सर्रास वापरली जाते. तिच्या लांबी साधारणतः १५ किंवा ३० मीटरच्या असतात. गुंडाळलेली कोरडी नळी एक जवान खांद्यावरून नेऊ शकतो. पाणी भरल्यावर मात्र चित्र बदलते. १५ मीटरच्या एका लांबीत सुमारे ४७ लिटर पाणी मावते, म्हणजे केवळ पाण्याचेच वजन ४७ किलो होते. दाबाखालची नळी ताठ होते, वळत नाही आणि कोपऱ्यावर अडते. त्यामुळे शक्य तेथवर नळी कोरडी असतानाच पुढे न्यायची आणि आगीच्या खोलीबाहेर, सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर पाणी भरून घ्यायचे, हा मूलभूत नियम आहे.

समजा, बंब आगीपासून १२० मीटरवर थांबला. १५ मीटरच्या आठ लांबी जोडाव्या लागतील. त्या नुसत्या भरण्यासाठीच सुमारे पावणेचारशे लिटर पाणी लागेल. २० मिलिमीटर तोंडाच्या नोझलमधून सात बार दाबाने मिनिटाला जवळपास सातशे लिटर पाणी बाहेर पडते. या वेगाने साडेचार हजार लिटरची टाकी सहा-साडेसहा मिनिटांत रिकामी होते. शिवाय नळीच्या आतल्या घर्षणामुळे वाटेतच दाब घटतो. अंतर दुप्पट झाले की ही घट दुप्पट होते आणि प्रवाह दुप्पट केला की ती चौपट होते. वर चढणाऱ्या प्रत्येक दहा मीटरला आणखी एक बार दाब खर्ची पडतो. पंपावरील चालकाला ही सारी बेरीज मनातल्या मनात करून दाब द्यावा लागतो. नळीला कोठे पीळ किंवा मुरड पडली, तर हे सर्व गणित एका क्षणात कोलमडते. म्हणून पाणी सोडण्यापूर्वी नळी मोकळी पसरणे आणि सोडल्यावर तिच्या कडेने चालत जाऊन मुरड काढणे, ही कामे दुय्यम मानली जात नाहीत.

दोन हात पुरत नाहीत

नोझलमधून पाणी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने ते ब्रांच धरणाऱ्याला मागे रेटते. वर दिलेल्या उदाहरणात हा रेटा सुमारे ४५ किलो वजनाइतका भरतो. अशी ब्रांच एकट्याने सांभाळणे धोक्याचे असते. हातातून सुटलेली ब्रांच सापासारखी वळवळते आणि जवळच्या माणसाचे हाड मोडू शकते. म्हणून पुढचा जवान शरीराचा भार पुढे झुकवून ब्रांच धरतो. दुसरा त्याच्या मागे, नळीच्या त्याच बाजूला राहून रेटा आपल्या अंगावर घेतो. तिसरा कोपऱ्यावर किंवा दारात थांबून नळी पुढे सरकवतो. धूर छतापासून खाली उतरत असल्याने आत शिरताना जवान गुडघ्यांवर किंवा ओणवे पुढे सरकतात, कारण जमिनीलगत उष्णता कमी असते आणि दिसतेही थोडे अधिक.

ब्रांच नेहमी सावकाश उघडायची आणि सावकाश बंद करायची. धावते पाणी एकाएकी अडवले, तर त्याचा धक्का उलटा नळीतून पंपापर्यंत जातो. त्याने नळी फुटू शकते किंवा कपलिंग निसटू शकते. खोलीत शिरण्यापूर्वी ब्रांच क्षणभर उघडून आतली हवा बाहेर काढणे आणि दाब पुरेसा आहे याची खात्री करणे, हाही शिस्तीचाच भाग आहे.

जिना असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. आगीच्या खोलीच्या दाराबाहेर नळीची किमान एक लांबी राखीव ठेवली जाते. ती वरच्या पायऱ्यांवर पसरली, तर आत ओढताना तिचे वजन आपसूक खाली येऊन मदत करते. जिन्याच्या मधोमध पोकळी असल्यास नळी तेथून सरळ उभी नेतात. त्यामुळे लांबी वाचते, मात्र लोंबणारी नळी दोराने कठड्याला बांधावी लागते.

धुरात नळीचा आणखी एक उपयोग होतो. वाट चुकलेला जवान नळी हाताने चाचपत बाहेर येऊ शकतो. आपल्याकडील पद्धतीत दोन लांबींच्या जोडावर फीमेल कपलिंग पंपाच्या दिशेला असते आणि मेल कपलिंग आगीच्या दिशेला. हातमोज्यातूनही जोडाचा आकार ओळखता आला, तर बाहेर पडण्याची दिशा कळते. म्हणून सरावात जवानांचे डोळे बांधून हे करवून घेतले जाते.

मारा कोठे आणि कसा?

पाण्याच्या माऱ्याचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात. पहिला थेट मारा. जळणारी वस्तू दिसत असेल, तर सरळ धार तिच्या बुंध्यावर धरायची. सरळ धार दूरवर पोहोचते आणि वाटेत फारशी वाफ होत नाही. गादी, लाकूड किंवा कागदाच्या गठ्ठ्यांच्या आगीला हा मारा उपयोगी पडतो.

दुसरा अप्रत्यक्ष मारा. एक लिटर पाण्याची सुमारे सतराशे लिटर वाफ होते. बंद आणि तापलेल्या खोलीत बाहेरून फवारा सोडला, तर ही वाफ खोली भरून टाकते, उष्णता खेचून घेते आणि प्राणवायूलाही बाहेर सारते. अमेरिकेतील अग्निशमन अधिकारी लॉइड लेमन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांवरील आगींच्या अनुभवावरून या तंत्राचा पुरस्कार केला. त्याची मर्यादा उघड आहे. तीच वाफ आत अडकलेल्या माणसाला जिवंत भाजू शकते. कोणी आत असण्याची शक्यता असेल, तर हे तंत्र वापरता येत नाही.

तिसरा संमिश्र मारा. आधी छतालगतच्या तापलेल्या धुरावर थोडे पाणी मारून तो थंड करायचा आणि मग धार खाली आणून जळणाऱ्या वस्तूंवर धरायची. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण धूर हे न जळलेले इंधनच असते. तो पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापला की खोलीतील सर्व वस्तू जवळपास एकाच वेळी पेट घेतात. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यातून संरक्षक पोशाखातला जवानही क्वचितच वाचतो. धूर थंड करण्यासाठी फवाऱ्याचे छोटे, क्षणभराचे झोत वरच्या थरात सोडले जातात. झोत लांबला तर वाफ जास्त होते, धूर खाली ढवळला जातो आणि काहीच दिसेनासे होते.

खिडकीतून बाहेरून पाणी मारल्यास आग आतल्या माणसांकडे ढकलली जाते, अशी समजूत दीर्घकाळ होती. अमेरिकेतील यूएल या संस्थेने गेल्या दशकात प्रत्यक्ष घरे पेटवून केलेल्या प्रयोगांनी ती बरीचशी दूर केली. सरळ धार खिडकीतून स्थिरपणे छतावर मारली, तर खोली झपाट्याने थंड होते आणि जवानांना आत शिरणे सोपे जाते. मात्र धार जोरजोराने फिरवली किंवा रुंद फवाऱ्याने सगळी खिडकी व्यापली, तर पाण्याबरोबर हवाही आत ओढली जाते आणि धूर व उष्णता दुसऱ्या वाटेने, बहुधा जिन्याकडे, लोटली जाते.

पाणी जेथे चालत नाही

इंदरगंजसारख्या रंगाच्या दुकानात प्रश्न आणखी बिकट होतो. थिनर आणि टर्पेंटाइन पाण्यापेक्षा हलके असतात. त्यांवर सरळ धार मारली, तर पाणी तळाशी जाते आणि पेटलेला द्रव त्यावर तरंगत जिन्याखाली, दाराबाहेर, शेजारच्या दुकानात पसरतो. येथे फोम वापरून पृष्ठभाग झाकावा लागतो. पाण्याचा उपयोग जिना, वरचा मजला आणि शेजारच्या भिंती थंड ठेवण्यापुरताच राहतो. खाली दुकान आणि वर घर असेल, तर जिना वाचवणे म्हणजे माणसे वाचवणे. त्यामुळे पहिली नळी बहुधा आग आणि जिना यांच्या मध्ये लावली जाते.

काही वेळा आत न जाणे हाच योग्य निर्णय असतो. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारतीचा भाग कोसळला. तत्कालीन प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना या दुर्घटनेत प्राण गमवावे लागले. जुन्या लाकडी तुळयांच्या इमारतीत आत शिरून लढायचे की अंतर राखून बाहेरून, हा निर्णय किती कठीण असतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. इमारतीत ओतलेल्या पाण्याचा प्रत्येक हजार लिटर म्हणजे कमकुवत झालेल्या मजल्यावर एक टन जादा भार, हेही त्यात धरावे लागते.

गोव्यासाठी अर्थ

मध्य प्रदेशात अग्निशमनाची जबाबदारी प्रामुख्याने नगरपालिका आणि महानगरपालिकांकडे आहे, तर गोव्यात ती राज्याच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाकडे आहे. व्यवस्था वेगळी असली, तरी गल्ल्यांची रुंदी आणि पाण्याचे गुणधर्म दोन्हीकडे सारखेच आहेत. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइट क्लबमध्ये लागलेल्या आगीत २५ जणांचा बळी गेला. अरुंद वाटेमुळे बंबांना घटनास्थळापासून दूर थांबावे लागल्याचे तेव्हा समोर आले. दूर थांबलेला बंब म्हणजे नळीच्या अधिक लांबी, घटलेला दाब, नळी भरण्यातच गेलेले शेकडो लिटर पाणी आणि हातचे निसटलेले क्षण.

नागरिकांच्या हातात काही गोष्टी निश्चित आहेत. १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवताना केवळ पत्ता न सांगता काय जळत आहे, कोणत्या मजल्यावर, आत कोणी आहे का, गॅस सिलिंडर किंवा रंग-रसायने आहेत का आणि मोठे वाहन कुठवर येऊ शकते, हेही सांगावे. त्यावरून किती नळ्या आणि फोम न्यायचा, हे ठरते. बाहेर पडताना दार ओढून घ्यावे, कारण उघडे दार आगीला हवा पुरवते. पसरलेल्या नळीवरून दुचाकी किंवा मोटार नेऊ नये. त्याच क्षणी आत कोणाच्या तरी हातातील धार तुटते. जिन्याखाली थिनरचे डबे, खोके किंवा दुचाकी ठेवू नयेत. वरच्या मजल्यावरील माणसांना खाली येण्यासाठी आणि जवानांना नळी वर नेण्यासाठी वाट तीच असते.