मेघगर्जना आणि मुलांची भीति

वैशाखाच्या उत्तरार्धांत तिसऱ्या प्रहरीं आभाळ एकाएकीं भरून येतें, वारा सुटतो, दारें-खिडक्या आपटूं लागतात, आणि पहिली वीज कडाडतांच घरांतील चार-पांच वर्षांचें मूल आजीच्या पदराखालीं शिरतें. मृग लागेपर्यंत वळवाचा हा प्रकार चालतो. आषाढ-श्रावणांत पाऊस पुष्कळ, पण गडगडाट कमी. आणि हस्ताच्या सुमारास तो पुन्हा परततो. म्हणजे वर्षांतून दोनदां घरोघर हा प्रसंग येतो, व दोन्ही वेळां वडील मंडळींची तारांबळ उडते.

कोणी मुलास चारचौघांत “भित्रा” म्हणून हिणवितें. या रीतीविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. दुसरी रीति मात्र सुशिक्षित घरांतही रूढ आहे. ती म्हणजे “वीज कांहीं करीत नाहीं रे” असें सांगून समजूत घालणें. आमच्या मतें हीच अधिक घातक, कारण तें विधान खोटें आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत वीज पडून २,८०० हून अधिक माणसें दगावलीं. विदर्भ-मराठवाड्यांत शेतावरचीं माणसें व गुरें राखणारीं पोरें झाडाच्या आसऱ्यास उभीं असतां प्राणास मुकतात, हें दरसाल वर्तमानपत्रांत येतेंच. वीज निरुपद्रवी आहे असें ज्या मुलास चौथ्या वर्षीं शिकविलें, तें दहाव्या वर्षीं आजोळीं गेलें असतां वळवाच्या वाऱ्यानें गळलेले आंबे वेंचण्यास गडगडाटांतच झाडाखालीं धांवेल. भीति घालवितांना सावधगिरीही घालविली, तर काय साधलें?

तेव्हां मुलास खरें तेंच सांगावें. वीज धोक्याची आहे, पण ती उघड्यावर. गडगडाट हा नुसता आवाज आहे. आणि पक्क्या घरांत आपण सुखरूप आहों. एवढीं तीन वाक्यें चार वर्षांच्या मुलास कळतात. थोड्या मोठ्यास कारणही सांगावें. विजेच्या वाटेंतील हवा क्षणांत सुमारें ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पांचपट तापते व स्फोटासारखी पसरते, तोच गडगडाट. कागदाची पिशवी फुगवून मुलाकडूनच फोडवावी. आपल्या हातानें केलेल्या आवाजास मूल भीत नाहीं, उलट दुसरी पिशवी मागतें.

यापुढचा उपाय मोजण्याचा. प्रकाश डोळ्यांस तत्काळ दिसतो. आवाज मात्र सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरास त्यास जवळजवळ तीन सेकंद लागतात. वीज चमकली कीं मुलास सावकाश अंक मोजावयास लावावें व आलेल्या संख्येस तीननें भागावें. पंधरा अंक झाले तर वीज पांच किलोमीटरांवर. हे आंकडे पाटीवर एकाखालीं एक मांडले, आणि ते वाढत चालले, कीं वादळ दूर जात आहे हें मूलच घरास सांगूं लागतें. इतकी वर्षें मुलांस गणित शिकवून आमचा अनुभव असा कीं, ज्याच्या हातीं हिशेब दिला त्याचें चित्त हिशेबांतच गुंततें. संख्या तीसच्या आंत असेल तर बाहेर जावयाचें नाहीं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊं द्यावयाचा, हा नियमही याच खेळांत अंगवळणी पडतो.

कित्येक घरांत वीज चमकतांना अर्जुनाचीं दहा नांवें घेण्याची चाल आहे. नवशिक्षित तिला हंसतात. नांवें घेतल्यानें वीज टळते असें आम्हीही म्हणत नाहीं. पण विराटपर्वांत कौरवसेना पाहून पळत सुटलेल्या उत्तरास अर्जुन हीं नांवें सांगतो, हें ध्यानांत घेतलें तर भ्यालेल्या मुलाशीं त्यांची गांठ कोणीं घातली असेल तो अडाणी खास नव्हता. नांवें म्हणतांना श्वास संथ होतो, व सर्व भावंडांचा आवाज एक होतो. बृहदारण्यकाच्या पांचव्या अध्यायांतील कथा तर प्रत्यक्ष गर्जनेचीच आहे. देव, मनुष्य व असुर प्रजापतीजवळ उपदेश मागतात. तो प्रत्येकास “द” हें एकच अक्षर सांगतो, आणि देव त्यांतून दमन, मनुष्य दान व असुर दया असा आपापला अर्थ घेतात. मेघ तोच “द, द, द” अजून उच्चारीत आहे. ही कथा निरभ्र दिवशीं सांगून ठेवावी; मग आभाळ गडगडलें कीं “हा कोणाचा द?” असें मुलें एकमेकांस विचारतात.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण वेगळीच असते. आई शांत, पण काकू कानांवर हात ठेवून किंचाळते, आजोबा गोष्ट सांगतात, तर आतेभाऊ “आली, आली!” करून घाबरवितो, आणि जेवत नाहीं म्हणून कोणीतरी “थांब, वीज बोलावतें” असा धाक घालतें. मूल ढगाकडे पाहण्यापूर्वीं मोठ्यांच्या मुद्रेकडे पाहतें. म्हणून पावसाळ्यापूर्वींच घरांत एकवाक्यता करावी. दूरचित्रवाणीची तार काढणें, नळाखालीं स्नानास न बसणें, खिडकीपासून दूर राहणें, गच्चीवर कोणी न जाणें, हीं कामें सांजवात लावावी तितक्या सहजपणें व्हावीं. धीट करावयाचें म्हणून मुलास ओढून गॅलरींत उभें करणारे काका आम्हीं पाहिले आहेत. त्यानें भीति दुणावते. मांडी मागेल त्यास मांडी द्यावी. दिवे गेले तर विजेरी त्याच मुलाच्या ताब्यांत असावी. मोबाईलवर गडगडाटाचा ध्वनि दिवसां अगदीं मंद लावून, आवाज वाढविण्याची कळ मुलाच्याच बोटाखालीं ठेवावी; फार घाई करूं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचें ‘दामिनी’ हें ॲप आसपासच्या विजेची सूचना देतें. तें मोठ्यांनीं पाहावें, मुलास दर घटकेस दाखवूं नये.

ही भीति दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं दिसूं लागते व सहा-सात वर्षांच्या सुमारास बहुधा आपोआप ओसरते. परंतु नुसता ढग पाहून मूल शाळेस जाण्याचें नाकारूं लागलें, रात्रीं दचकून उठूं लागलें, आणि सहा महिने लोटले तरी उतार पडला नाहीं, तर घरगुती उपायांत वेळ न दवडितां बालरोगतज्ज्ञांस दाखवावें.