कशेरुकांचे प्रकार

पृष्ठवंशी प्राण्यांचा पाठीचा कणा ज्या हाडांच्या मालिकेने बनतो, त्यांतील प्रत्येक हाडास कशेरुका किंवा मणका असे म्हणतात. कशेरुकेचा भार पेलणारा दंडगोलाकार भाग म्हणजे कशेरुकाकाय. त्यावरील कमानीतून मेरुरज्जू जातो. कशेरुकांचे वर्गीकरण शरीरातील स्थानावरून आणि कशेरुकाकायाच्या टोकांच्या आकारावरून केले जाते.

स्थानानुसार प्रकार

सस्तन प्राण्यांत मान, छाती, कंबर, त्रिक (कटिबंधाशी जोडलेला भाग) आणि शेपटी असे पाच गट स्पष्ट दिसतात. उंदीर, माणूस व जिराफ यांच्या मानेत सारखेच ७ मणके असतात; स्लॉथ व मॅनटी हे या नियमाचे अपवाद होत. माशांत धड व शेपटी असे दोनच प्रमुख गट असतात.

आकारानुसार प्रकार

• उभयगर्ती : दोन्ही टोके खोलगट. बहुतेक मासे.
• अग्रगर्ती : पुढचे टोक खोलगट, मागचे फुगीर. साप, मगरी व बहुतेक सरडे.
• पश्चगर्ती : मागचे टोक खोलगट, पुढचे फुगीर. घोडा व गाय यांची मान.
• विषमगर्ती : खोगिरासारखी टोके. पक्ष्यांची मान.
• अगर्ती : सपाट टोके, मध्ये उपास्थीची चकती. बहुतेक सस्तन प्राणी.

खोबणीत बसणाऱ्या गोलाकार टोकामुळे कणा वाकतो, पण सांधा सहसा निखळत नाही. एकाच प्राण्यात एकाहून अधिक प्रकार आढळू शकतात. राना प्रजातीतील बेडकाचे बहुतेक मणके अग्रगर्ती, तर आठवा उभयगर्ती असतो.

विदर्भातील जीवाश्म

नागपूरच्या दक्षिणेस, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथील लॅमेटा खडकांत क्रिटेशस कालखंडातील मणके सापडले आहेत. पिसदुरा येथील मणक्यांवरून २०११ मध्ये मॅडसोइया पिसदुरेन्सिस ही सापाची जाती वर्णिली गेली.

केवळ मणक्याच्या आकारावरून प्राणी ओळखण्याची मर्यादाही याच खडकांनी दाखवून दिली. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूर येथील शेपटीच्या अग्रगर्ती मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ही डायनोसॉरची प्रजाती स्थापली. पिसदुरा येथील तशाच मणक्यांना त्यांनी १८७९ मध्ये टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी हे नाव दिले. पुढे असे मणके इतर खंडांतील अनेक डायनोसॉरांतही आढळले. त्यामुळे २००३ मध्ये जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी टायटॅनोसॉरस हे नाव संशयास्पद ठरवले.

डोंगरगाव येथील सांगाड्याचे मात्र निरनिराळ्या भागांतील मणके व इतर हाडे उपलब्ध होती. १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोलबर्टी या नावाने वर्णिलेली ही जाती म्हणूनच वेगळी ओळखता आली. तिला २००३ मध्ये आयसिसॉरस ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. या नावात भारतीय सांख्यिकी संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे आहेत.