लाटेवरून उड्डाण

लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभें राहावयाचें व लाटेबरोबर किनाऱ्याकडे धांवत यावयाचें, ही क्रीडा हवाई बेटांत फार पुरातन आहे. कॅप्टन कुकचीं जहाजें १७७८-७९ सालीं तेथें गेलीं, तेव्हां त्याच्या सोबत्यांनीं ती पाहून लिहून ठेविली. परंतु त्या काळच्या जड लांकडी फळीनें पाणी सोडून हवेंत जावें, ही गोष्ट कल्पनेंतहि येण्यासारखी नव्हती. रासायनिक फेंसाचा गाभा व वर कांचतंतूंचें आवरण अशा हलक्या फळ्या १९५० नंतर रूढ झाल्या; पुढें त्या आंखूडहि झाल्या. १९७० नंतरच्या दशकांत चाकांच्या फळीवर कसरती करणारे कॅलिफोर्नियांतील तरुण त्याच कसरती पाण्यावर करूं पाहूं लागले, आणि लाटेवरचें उड्डाण जन्मास आलें.

पाहणारास वाटतें कीं, खेळाडू उडी मारतो. वस्तुतः त्यानें उडी मारली तर फळी खालींच राहील. कारण त्याचे पाय तिला बांधलेले नसतात. फळीला उडविते ती लाट. लाटेचा उतार ही धांवपट्टी आणि तिचा वळूं पाहणारा माथा हा उड्डाणाचा चौथरा. पुरेशा वेगानें या माथ्यावर आदळलेली फळी व तिच्यावरील मनुष्य एकाच वक्रमार्गानें हवेंत जातात. अर्धा मीटर उंच जाऊन खालीं येण्यास सुमारें ०.६ सेकंद लागतात. एवढ्याशा अवधींत विचार करण्यास सवड नाहीं. जें ठरवावयाचें तें पाणी सोडण्यापूर्वींच ठरलें पाहिजे.

म्हणून या विद्येचा पहिला धडा उड्डाणाचा नसून वेगाचा आहे. झोपाळ्यावर उभें राहून झोंका वाढविणारें मूल योग्य क्षणीं गुडघे वांकवितें व पुन्हा ताठ करतें. लाटेच्या उतारावर वरखालीं वळणें घेत शिकणारानें तेंच करावयाचें असतें. दुसरा धडा जागा हेरण्याचा. माथा फार लवकर गांठला तर चौथरा तयार नसतो, उशीर झाला तर तो कोसळलेला असतो. माथ्याशीं येतांच मागच्या पायावर भार देऊन फळीची शेपटी मोकळी करावयाची, गुडघे छातीकडे ओढून घ्यावयाचे आणि दृष्टि उतरण्याच्या जागेवर ठेवावयाची.

वाऱ्याचाहि विचार हवा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाट उभी धरतो, म्हणून एरवीं तो प्रिय. पण उड्डाणास समुद्राकडून तिरपा येणारा मंद वारा अधिक मानवतो, कारण तो फळीला पायांशीं दाबून धरतो.

खरा कस लागतो तो उतरतांना. सपाट पाण्यावर आपटल्यास घोटे व गुडघे दुखावतात. उतारावर किंवा फेंसावर उतरल्यास धक्का वांटला जातो. भार फळीच्या मध्यभागीं व गुडघे सैल असावे लागतात. तोल गेलाच तर फळी पायानें दूर लोटावी, डोकें पुढें करून पडूं नये आणि वर येतांना हातांनीं डोकें झांकावें. उथळ खडकाळ तळावर नवशिक्यानें हा प्रयोग करूंच नये. पडावें कसें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें उडण्याचा आग्रह धरणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

आरंभीं अनेक जुन्या जाणत्यांनीं या उड्डाणांस डोंबाऱ्याचा खेळ ठरविलें. लाटेच्या लयीशीं एकरूप होणें हीच कला, असें त्यांचें म्हणणें. आणि त्यांत तथ्यहि होतें. पण वेग, वळण व लाटेची पारख यांवांचून उड्डाण साधत नाहीं, हें हळूहळू कळून आलें. २०१६ सालीं रिओच्या स्पर्धेंत ब्राझिलच्या गॅब्रिएल मेदिनानें हवेंत मागे पूर्ण कोलांटी घेतली, तेव्हां परीक्षकांनीं तिला दहापैकीं दहा गुण दिले.

२०२१ सालीं जपानांत झालेल्या ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत त्याच देशाच्या इतालो फेरेइराची फळी पहिल्याच लाटेवर उड्डाणांत मोडली. दुसरी फळी घेऊन तो परत गेला व त्यानें सुवर्णपदक मिळविलें. लहानपणीं तो वडिलांच्या मासळीच्या शीतपेटीच्या झांकणावर लाटा धरावयास शिकला होता. मोडलेली फळी टाकून पुन्हा पाण्यांत शिरण्याची तयारी, हेंच या विद्येचें पहिलें व शेवटचें भांडवल होय.