कुलूप तपासणारा कोण?

कुलूप कितपत पक्के आहे, हे कुलुपे उघडण्यात वाकबगार असणाराच नीट सांगू शकतो. पण त्याला इतरांची कुलुपे उघडण्यातही रस असेल तर? अमेरिकेच्या ‘एनएसए’ या गुप्तचर संस्थेची अशीच दुहेरी भूमिका आहे. आपल्या सरकारचे संदेश सुरक्षित राखणे हे तिचे एक काम, तर इतरांचे संदेश वाचणे हे दुसरे.

१९७०च्या दशकात आयबीएम कंपनीने तयार केलेली एक संकेतपद्धती एनएसएने तपासली. १९७७ मध्ये ती ‘डीईएस’ या नावाने सरकारी मानक ठरली आणि पुढे बँकांतही रूढ झाली. तिच्यात अंकांची अदलाबदल करणारे आठ तक्ते होते. ते तसेच का रचले, हे गुप्त ठेवल्याने त्यांत चोरवाट असावी, अशी शंका अनेकांना आली. १९९०च्या सुमारास बिहॅम आणि शामीर या संशोधकांनी संकेत फोडण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली, तेव्हा हे तक्ते तिला पुरून उरतात असे दिसले. ही रीत आयबीएमला १९७४ मध्येच ठाऊक होती आणि एनएसएशी चर्चा करून ती गुप्त ठेवली होती, हे १९९४ मध्ये उघड झाले.

तक्ते भक्कम होते. किल्ली मात्र आखूड होती. एनएसएला ६४ऐवजी ४८ बिटांची किल्ली हवी होती. तडजोड ५६ वर झाली. एक बिट कमी झाला की शक्य किल्ल्या निम्म्या होतात. म्हणजे आठ बिटांनी त्या २५६ पटींनी घटल्या. १९९८ मध्ये एका खास यंत्राने सगळ्या शक्यता चाचपत ५६ तासांत किल्ली शोधली.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. किल्ली बनवायला कोणालाही आधी सांगता येणार नाहीत असे अंक लागतात. ते निर्माण करणारी, एनएसएने पुढे आणलेली एक पद्धत २००६ मध्ये मानक झाली आणि विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्येही शिरली. तिच्यातील दोन स्थिरांकांमधले गुप्त नाते ज्याला माहीत असेल, त्याला पुढचे अंक ओळखता येतील, असे २००७ मध्ये दोन संशोधकांनी दाखवले. तरी ती मागे घेण्याचे पाऊल २०१४ मध्ये, स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांनंतर, उचलले गेले.

याउलट डीईएसची जागा घेणारी ‘एईएस’ पद्धत खुल्या स्पर्धेतून निवडली गेली. १५ पद्धती मांडल्या गेल्या आणि जगभरच्या तज्ज्ञांनी त्या फोडून पाहिल्या. २००३ मध्ये अमेरिकेने आपल्या अतिगोपनीय माहितीसाठीही तिला मान्यता दिली. दावा सर्वांना तपासता आला पाहिजे, असे आपण वर्गात सांगतो. कुलुपांनाही तोच नियम लागू आहे.