गुडघे धरलेत? मग बसू नका, मोजून चाला!

दुसरबीड : "गुडघ्यातलं ग्रीस संपलं, आता चालणं बंद करा." आपल्याकडे पन्नाशी उलटलेल्या कितीतरी जणांनी हा सल्ला ऐकलेला असतो. कुणी शेजारी सांगतो, कुणी पाहुणा. मग माणूस ओट्यावर बसतो, वर्षभरात मांड्या बारीक होतात, वजन वाढतं आणि पुढे संडासापर्यंत जायलाही आधार लागतो. जुन्या सांधेदुखीत आणि कंबरदुखीत हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. कसा, ते समजून घेऊ.

हे दुखणं किती जणांना?

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण या गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. ४ हजारांवर प्रौढांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या साधारण १८ जणांना असा त्रास निघाला. म्हणजे हा शहरी लोकांचा किंवा श्रीमंतांचा आजार नाही. शेतीवर जगणाऱ्या गावातही जवळपास प्रत्येक पाचव्या-सहाव्या माणसाला तो आहे.

'ग्रीस' म्हणजे नेमकं काय?

सांध्यात हाडांच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या चिकट पाण्यातून. पाय टेकला की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते, उचलला की पुन्हा ते पाणी शोषून घेते. म्हणजे हालचाल हेच तिचं खाणं-पिणं. बसून राहिलं तर सांधा आखडतो. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याला सांभाळतो. तो सुटला की सगळा भार सांध्यावरच येतो.

चालल्याने झिजलेली कूर्चा नव्याने उगवत नाही, हे खरं. पण दुखणं कमी होतं, ताकद टिकते आणि स्वतःची कामं स्वतः करता येतात. वजन जास्त असेल तर दुहेरी फायदा. १ किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो.

कंबरदुखीचंही तेच. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची कंबर नुकतीच बरी झाली होती. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालायला शिकवलं, त्यांचं दुखणं उलटायला मध्यमान २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांचं ११२ दिवसांतच उलटलं.

"आम्ही तर दिवसभर शेतातच असतो!"

हा प्रश्न रास्त आहे. पण निंदणात तासन् तास उकिडवं बसणं, सोयाबीनच्या सोंगणीत वाकून राहणं, डोक्यावर भारा घेऊन धुऱ्यावरून चालणं हा व्यायाम नाही, तो सांध्यावरचा ताण आहे. व्यायामाचं चालणं म्हणजे ओझं नाही, सपाट जागा, एकसारखी चाल आणि ठरलेला वेळ. निंदणाच्या दिवसांत दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला, जमेल तिथे पाटावर बसून काम करा. फार थकवा आला असेल त्या दिवशी वेगळं चालू नका.

किती आणि कसं चालायचं?

अंतर मोजू नका, मोबाइलवर वेळ लावा. आठवड्यातून ५ दिवस :

- पहिला-दुसरा आठवडा : १० मिनिटं. एकदम जमत नसेल तर सकाळी ५, संध्याकाळी ५.
- तिसरा-चौथा आठवडा : १५ मिनिटं.
- पाचवा-सहावा आठवडा : २० मिनिटं.
- सातवा-आठवा आठवडा : २५ मिनिटं.
- नवव्या आठवड्यापासून : ३० मिनिटं.

५ दिवस ३० मिनिटं म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी किमान एवढंच सांगते. वेग असा ठेवा की चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणायला दम पुरू नये.

सोबत एक सोपा व्यायाम : खुर्चीवर बसा, हाताचा आधार न घेता सावकाश उठा, सावकाश बसा. ५ वेळांपासून सुरू करून १० पर्यंत न्या.

दुखलं तर काय?

थोडं दुखणं चालतं. नियम असा : चालताना वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं, तर तेवढंच चालू ठेवा. सकाळीही जास्तच असेल, तर मागच्या टप्प्यावर या. पण पूर्ण बंद करू नका.

काठी घ्यायला लाजू नका. मात्र ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. उजवा गुडघा दुखतो, तर काठी डाव्या हातात. बरेच जण उलट धरतात.

घसरणाऱ्या चपला नकोत, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावर वाहनांची वर्दळ असते, त्या कडेने चालू नका. शाळेचं मैदान किंवा मंदिराचं आवार बरं. पांदण रस्ता कोरडा असेल तेव्हाच. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत आटपा.

आधी डॉक्टरांना कुणी दाखवावं?

- सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा सोबत ताप असेल.
- सकाळी तासाभराहून जास्त वेळ सांधे आखडतात, दोन्ही हातांची बोटं सुजतात. हा आमवात असू शकतो. त्याला लवकर औषध सुरू होणं गरजेचं आहे.
- पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, पाय टेकवत नाही.
- कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासावरचा ताबा सुटला. यात एक दिवसही थांबू नका.
- चालताना छातीत दुखतं किंवा फार दम लागतो.
- शुगर आहे आणि तळपाय सुन्न आहेत. अशांनी रोज तळवे तपासावेत, अनवाणी चालू नये.

दुखणं दाबायला रोज मेडिकलमधून गोळी आणून खाऊ नका. अशा गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, किडनीवर परिणाम होतो. बिनलेबलच्या 'रामबाण' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, गरज असेल तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला सांगा.

एकट्याने होत नसेल तर

गजानन महाराजांच्या पालखीसोबत शेगाव ते पंढरपूर पायी जाणारे वारकरी आपण दरवर्षी पाहतो. सोबत असली की पाय उचलतात. हरिपाठाला जमणारी मंडळी, बचत गटाच्या बायका, शेजारच्या दोघी-तिघी, कुणीही चालेल. वेळ ठरवा, एकमेकांना हाक मारा. घरात आई-बाबा, आजी-आजोबा "आता काय चालायचं" म्हणत बसले असतील, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा आणि पहिली १० मिनिटं त्यांच्यासोबत तुम्हीही चाला.