विद्यार्थ्याचा रहिवास आणि त्याची नोंद

एखादे कुटुंब बुलढाण्यात एकाच घरी पिढ्यान् पिढ्या राहिले, तरी त्याचा रहिवास कागदोपत्री बदललाच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९८३ साली अमरावती विद्यापीठ निघाले आणि जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडून तिकडे गेली. घर जागचे हलले नाही; नोंद हलली.

तेव्हा रहिवास म्हणजे केवळ पत्ता नव्हे. विद्यार्थ्याच्या बाबतीत आपण तीन गोष्टी निरनिराळ्या मानल्या पाहिजेत : मुक्काम कोठे, अधिवास कोणत्या राज्याचा आणि परीक्षा कोठून दिली. देऊळगाव राजा येथील मुलगा बारावीसाठी जालन्यास गेला, तर मुक्काम बदलतो, अधिवास बदलत नाही. मात्र वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० ही प्रादेशिक वाटणी २०२० साली रद्द होईपर्यंत, बारावी जेथून उत्तीर्ण झाला त्यावरून त्याचा प्रदेश ठरे. विदर्भातला मुलगा मराठवाड्याच्या यादीत जाई.

म्हणून जुनी ओळ पुसून नवी लिहिणे आम्हांस घातक वाटते. संगणकात तर ते एका क्षणाचे काम! शेतजमिनीचा हक्क बदलला की तलाठी फेरफार नोंदवतो. तीच रीत येथे हवी. बदल कोणत्या तारखेपासून झाला, कोणत्या दाखल्यावरून झाला आणि तो कोणी नोंदवला, हे तिन्ही राहिले पाहिजे. नियम बहुधा आजची नव्हे, एका ठरावीक दिवसाची स्थिती विचारतो. ती पुसली गेली, तर मुलाला आपला हक्क सिद्ध कशाने करता येणार?